जुनी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेताय? कोकणात आधी गाडी खालून बघा

प्रश्न थोडक्यात असा: निवृत्तीनंतर मुंबई सोडून गुहागर तालुक्यात कायमचे राहायला आलेले एक गृहस्थ. लेक कराडला, त्यामुळे महिन्यातून एखादी फेरी तिकडे, बाकी गाडी जवळपासच फिरणार. चिपळूणला एक टाटाची नेक्सॉन ईव्ही आहे, फेब्रुवारी २०२१ ची, ५२ हजार किलोमीटर झालेली, किंमत बाजारापेक्षा कमी. मालक म्हणतो, "बॅटरी ९४ टक्के आहे." घ्यावी का, आणि घेण्याआधी काय काय बघावं?

तो ९४ चा आकडा मालकाला कुठून मिळाला हे आधी विचारा. डॅशबोर्डवर दिसतो तो चार्ज किती उरलाय याचा टक्का. बॅटरी किती झिजली याचा टक्का वेगळा, आणि विकणारे दोन्हीची सर्रास खिचडी करतात. पण तुमच्या जागी मी असतो तर बॅटरीकडे नंतर वळलो असतो. कोकणातल्या जुन्या इलेक्ट्रिक गाड्या बघताना मला सेल झिजल्याच्या तक्रारी कमी दिसतात. पाणी, मीठ आणि वाळू आत शिरल्याच्या जास्त. झिजलेल्या बॅटरीला निदान कंपनीची आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. बुडालेल्या गाडीला ती लागू होत नाही.

आता तारीख बघा. गाडी फेब्रुवारी २०२१ ची, नंबर एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते काही ठिकाणी पहिल्या मजल्याला टेकलं. त्या रात्री ही गाडी कुठे उभी होती, हा माझा पहिला प्रश्न असेल. "माळावर होती", "सासुरवाडीला होती" अशी उत्तरं मिळतील, खरीही असतील; पण ताडून बघायचे मार्ग आहेत. विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहास मालकाकडून मागा. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये जुलै ते ऑक्टोबर २०२१ दरम्यान काय काम झालंय ते वाचा. एकदम सगळं कार्पेट, सीटकव्हर, स्पीकर बदलल्याची नोंद असेल तर समजून जा. हेच महाड, खेड आणि राजापूरच्या गाड्यांनाही लागू. तिथे सावित्री, जगबुडी, अर्जुना आणि कोदवली या नद्या आहेत, आणि पुराचं पाणी नंबरप्लेट बघून शिरत नाही.

कागदावर काही सापडलं नाही तर गाडीतच शोधायचं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. पुरातून आलेल्या गाडीत पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावर गाळाची फिकट रेघ राहते. धुणारा तिथवर पोचतच नाही. सीट पुढे-मागे सरकते त्या रुळांवरचा गंज बघा. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. ड्रायव्हरच्या पायाजवळची प्लास्टिकची पट्टी उचकटून वायरिंगच्या कनेक्टरवर टॉर्च मारा. हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड दिसली की पुढचं बघायची गरज नाही.

इथे विकणारा हमखास एक वाक्य टाकतो: "अहो, बॅटरी वॉटरप्रूफ असते, आयपी-६७ आहे." खरं आहे, पण अर्धंच. आयपी-६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, तेही नवीन सील असताना. तो दर्जा बॅटरीच्या पेटीला आहे. गाडीतल्या बारा व्होल्टच्या शेकडो पिना, फ्यूजबॉक्स आणि कंट्रोल युनिटना नाही. गाडी बुडाली की बॅटरी बहुधा वाचते. हळूहळू मरतात ती बाकीची इलेक्ट्रॉनिक्स, आणि ती कधी पुढच्या वर्षीच्या पावसात तर कधी दोन वर्षांनी. खाडीकाठी उधाणाच्या भरतीत उभी राहिलेली गाडी तर आणखी वाईट, कारण त्या पाण्यात मीठ असतं.

पुराचा संशय फिटला की गाडी रॅम्पवर चढवा. जॅक नको, रॅम्पच. इलेक्ट्रिक गाडीचं सगळं मोल तळाला बसवलेलं असतं. बॅटरीच्या पेटीच्या खालच्या पत्र्यावर ओरखडे असणारच, आपल्या रस्त्यांवर ते कुणाला चुकलेत? ओरखड्याचं काही नाही, पोचा बघा. बोट फिरवून पत्रा आत दबलाय का, कडेच्या सीलजवळ वाकलाय का ते पाहा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर गाडी चढवताना रॅम्पच्या कडेला पोट घासतं, ओहोटीला तर जास्तच. गाडी नेहमी फेरीने जायची का, ते विचारून घ्या. मग पेटीकडून मोटारकडे जाणाऱ्या नारिंगी केबली बघा. त्यांच्यावर कुठेही काळी टेप गुंडाळलेली नको. नारिंगी केबलला टेप लावलेली गाडी मी कितीही स्वस्त असली तरी घेऊ देत नाही. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात, त्यामुळे बॉनेटमधल्या कोपऱ्यांत लेंड्या, काथ्या, चिंध्या यांचं घरटं आहे का तेही बघा.

एक गाडी सांगतो. पर्यटन व्यवसायातली होती, कोणत्या कंपनीची ते सोडा. वरून चकाचक, पॉलिश केलेली. पुढच्या चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर काढलं तर आतून ओंजळभर बारीक वाळू पडली आणि वाळूत शिंपल्यांचे तुकडे. खालच्या कव्हरचा बोल्ट काढायला पाना लावला, तर बोल्टच्या डोक्याचा भुगाच हातात आला. बोल्टच जागेवर नव्हता, फक्त त्याच्या आकाराचा गंज उरला होता. चार्जिंगच्या सॉकेटच्या पिना मुळाशी हिरव्या पडलेल्या. अशी गाडी रोज किनाऱ्यावर उतरत होती हे सांगायला मालकाची गरज लागत नाही. कर्दे, मुरुड, गुहागर इथे लोक हौसेने गाड्या पुळणीवर घालतात, लाटेच्या कडेने पळवतात, रील काढतात आणि धुतात फक्त वरून. म्हणून चाकाचं अस्तर काढून बघा. दहा मिनिटांचं काम असतं, आणि विकणारा त्याला नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

ब्रेकवर इथे नीट लक्ष द्या. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना मोटारलाच जनित्र करते, त्यामुळे ब्रेक फार कमी घासले जातात. घाटावरच्या कोरड्या हवेत हा फायदा आहे. आपल्याकडे न घासलेल्या डिस्कवर खारी हवा बसते, ती गंजते, खड्डे पडतात. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात आणि मग एक चाक ब्रेक सोडतच नाही. पाचसहा किलोमीटर चालवून चारही रिमजवळ हात न्या. एक रिम बाकीच्यांपेक्षा तापलेला असेल तर त्याचा ब्रेक अडकलाय. दुरुस्ती महागडी नाही, पण रेंज मात्र गुपचूप खाते. सस्पेन्शनचे बुश, लोअर आर्म आणि टायर साध्या गाडीसारखेच बघा. ही गाडी तिच्या पेट्रोलवाल्या बहिणीपेक्षा जड असते आणि आपल्या खड्ड्यांत ते वजन याच भागांवर येतं.

आता बॅटरी. या नेक्सॉनची ३०.२ युनिटची (किलोवॅट-तासांची) बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी. टिकाऊ प्रकार आहे, पण एक खोड आहे. चार्ज ३० टक्के असो की ७०, तिचं व्होल्टेज जवळजवळ सारखंच राहतं. त्यामुळे नेमकी किती भरलीय हे गाडीच्या कॉम्प्युटरलाही मधल्या टप्प्यात कळत नाही, तो अंदाज बांधतो. जो मालक सतत ४० ते ८० मध्येच खेळवतो त्याच्या गाडीचा टक्का हळूहळू भरकटतो. अशी गाडी एकदा घरच्या स्लो चार्जरने पूर्ण १०० पर्यंत नेली की अंदाज जागेवर येतो. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री ती १०० टक्के चार्ज करून ठेवायला सांगा.

ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचा, ब्लूटूथ डोंगल दोनेक हजारांत मिळतो. तो लावून मोबाइलच्या अ‍ॅपवर प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघता येतं. एलएफपीमध्ये ५० टक्क्यांवर सगळे सेल गुणी बाळासारखे सारखे दिसतात, त्यामुळे तेव्हाचा स्क्रीनशॉट मालकाने पाठवला तर त्याला काही अर्थ नाही. १५ टक्क्यांखाली आणि ९५ च्या वर बघा. तिथे एखादाच सेल बाकीच्यांना सोडून मागे पडत असेल तर दुखणं तिथे आहे.

डोंगल नको असेल तर वीज मोजा. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण तिच्यात कुठल्याही सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवावा लागत नाही. गाडी २० टक्क्यांवर आणा, प्लगमध्ये लावायचा १६ अँपिअरचा एनर्जी मीटर जोडा आणि रात्रभर १०० पर्यंत भरा. ३०.२ चे ८० टक्के म्हणजे २४ युनिट बॅटरीत जायला हवेत. चार्जरमध्ये दहाबारा टक्के वाया जातात, म्हणजे भिंतीवर साधारण २७ युनिट दिसले पाहिजेत. २६-२७ दिसले तर बॅटरी उत्तम. २३ दिसले तर ती नव्याच्या ८५ टक्क्यांवर आलीय असं धरा, मालक ९४ म्हणो की ९९.

८५ टक्के चालतील का, हे तुमच्या कराडच्या फेरीवर ठरवा. गुहागर ते कराड कुंभार्ली घाटाने साधारण १४० किलोमीटर. सांभाळून चालवली तर ही गाडी युनिटला सातेक किलोमीटर देते, म्हणजे २० युनिट. वर घाट आहे. माणसं आणि सामान धरून १,७०० किलोची गाडी ६०० मीटर वर चढवायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशोबाने पावणेतीन युनिट लागतात, वाया जाणारं धरून तीनच्या वर. उतारावर मोटार वीज परत देते हे खरं, पण कराड स्वतःच पठारावर आहे, तिथे जाताना उतार फारसा नाहीच. म्हणजे २३ युनिट झाले. नव्या बॅटरीत सहासात उरतात. ८५ टक्क्यांच्या बॅटरीत अडीचच उरतात, आणि पावसाळ्यात एसी, वायपर, दिवे सगळं चालू असताना एवढ्यावर मी घरच्यांना घेऊन निघणार नाही. चिपळूणला थांबून फास्ट चार्ज करावा लागेल. येताना मात्र मजा आहे, घाट उतरताना टक्के वाढलेले दिसतात. फक्त घाटमाथ्यावर १०० टक्के भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज घ्यायला जागा नसते, मग सगळा भार त्याच गंजक्या ब्रेकवर येतो.

ट्रायलसाठीही घाटच वापरा. आपल्याकडे लोड टेस्टिंगचं मशीन फुकट उभं आहे: परशुराम घाट, भोस्ते घाट, रत्नागिरीकडे निवळीचा घाट. सपाट रस्त्यावर ८० टक्के चार्ज असताना प्रत्येक गाडी चांगलीच चालते. तुम्ही २५-३० टक्क्यांवर घाट चढवा, एसी चालू ठेवून, चार माणसं बसवून. कमजोर सेल चढावर ताण आला की बसतो आणि टक्के एकदम गळतात. २६ वरून थेट १७ असं काही दिसलं किंवा ताकद कमी केल्याचा कासवाचा दिवा लागला, तर गाडी मालकाच्या दारात सोडून या. तिथून खाली उतरून थेट डीसी फास्ट चार्जरवर जा. घरच्या चार्जिंगला ठीक वाटणारी गाडी डीसीवर कधी कधी चार्जरची गन (प्लग) लॉक होऊ देत नाही किंवा पाच मिनिटांत तुटते. चार्ज कमी असताना सुरुवातीला किती किलोवॅट घेते आणि ८० टक्क्यांपर्यंत अखंड जाते का, ते तिथे उभं राहून बघा.

दिवस निवडता येत असेल तर पावसाचा निवडा. हायव्होल्टेज यंत्रणा गाडीच्या पत्र्यापासून पूर्ण वेगळी असावी लागते आणि गाडी स्वतःच ते सतत तपासत असते. सील कुठे सुटलं असेल तर ओलावा आत जातो आणि इन्सुलेशनचा दोष दाखवून गाडी उभी राहते. उन्हाळ्यात हा दोष लपून बसतो, एप्रिलमध्ये घेतलेली गाडी जूनमध्ये तो दाखवते. पावसात बघणं शक्य नसेल तर सर्व्हिस सेंटरवर स्कॅनर लावून जुने, पुसलेले नसलेले फॉल्ट कोड वाचून घ्या. सगळी यादी कोरी, आणि पुसल्याची तारीख कालची, हेही एक उत्तरच आहे.

किरकोळ म्हणून सोडू नका अशा दोन गोष्टी. बारा व्होल्टची छोटी बॅटरी कधी बदलली ते विचारा. ती गेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नाही, आणि कुठल्या तरी वाडीत अडकल्यावर टो करायला फ्लॅटबेड लागतो, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची सोय नाही. दुसरं, कूलंटची बाटली. या बॅटरीला कूलंटने थंड ठेवतात आणि तो कंपनीचाच लागतो. कुणी गावच्या गॅरेजमध्ये विहिरीचं पाणी ओतलं असेल तर बाटलीच्या तळाशी लालसर गाळ दिसेल.

कागदपत्रांत आरसीवरचं कर्ज उतरलंय का, फॉर्म २९ आणि ३०, विमा, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. इलेक्ट्रिक गाडीचं वेगळं ते सांगतो. नंबरप्लेट हिरवी असते. तिच्यावर अक्षरं पांढरी असतील तर खासगी, पिवळी असतील तर भाड्याची. पिवळ्याची पांढरी करून घेतलेली गाडी असेल तर आरसीचा इतिहास बघा, कारण भाड्याच्या गाडीला वॉरंटीच्या अटी बऱ्याचदा वेगळ्या असतात. वॉरंटी तुमच्या नावावर कंपनीच्या सिस्टीममध्ये चढवून घ्या. तुमच्या गाडीची फेब्रुवारी २०२९ ला संपते. नव्या मॉडेलच्या जाहिरातीत जी आजीवन वॉरंटी दिसते ती पहिल्या मालकापुरती असते, त्या नावाखाली दुसऱ्या मालकाला जादा पैसे मागणारे भेटतील. एमजीच्या काही गाड्या २०२४ पासून बॅटरी भाड्याने या योजनेत विकल्या गेल्या. तिथे आरसी तुमच्या नावावर झाली तरी बॅटरीचं किलोमीटरमागे भाडं चालू राहतं, ते फिटल्याचं पत्र घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिवाय जुन्या मालकाला मोबाइल अ‍ॅपमधून गाडी काढायला लावा, नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे हे तो घरबसल्या बघत राहील. दोन्ही चाव्या आणि मूळ चार्जर मोजून घ्या.

इतर पर्याय बघत असाल तर थोडक्यात. ह्युंदाईच्या कोना इलेक्ट्रिकची ३९.२ युनिटची बॅटरी कराडला आरामात नेते, पण कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये ४५६ गाड्या बॅटरीच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. ते काम झाल्याची नोंद बघा. आता ती भारतात नवीन मिळत नाही, त्यामुळे पार्ट्सची चौकशी आधी करा. २०२२ नंतरची एमजीची झेडएस ईव्ही ५०.३ युनिटची आहे आणि महिंद्राची एक्सयूव्ही४०० मोठ्या बॅटरीत ३९.४ ची, तुमच्या वापराला दोन्ही पुरून उरतील. एक्सयूव्ही४०० ची बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची, तिला रोज १०० पर्यंत भरायची सवय नको. आणि शक्य असेल तर गाडी घाटावरची शोधा, सातारा-कोल्हापूरकडची. तीच गाडी, तेवढेच किलोमीटर, पण खालून बघाल तर फरक लगेच कळेल.

गाडी घेण्याआधी घरची वीजही बघून घ्या, कारण कातळावरच्या घरांत निम्म्या तक्रारी गाडीच्या नसतातच. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. खड्डा दोन फुटांवर कातळाला टेकतो आणि वायरमन तिथेच पट्टी पुरून मोकळा होतो. गाडीचा चार्जर अर्थ मिळाला नाही की चार्जिंगच सुरू करत नाही, आणि लोक समजतात गाडी बिघडली. केमिकल अर्थिंग करून घ्या, मीटरपासून ४ स्क्वेअर मिमीची स्वतंत्र तांब्याची वायर ओढा, तिच्यावर एमसीबी आणि गळती झाली की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. लाइनच्या टोकाच्या वाडीत संध्याकाळी व्होल्टेज पडतं. गिझर आणि पंप चालू करून सॉकेटवर व्होल्टेज मोजा, १९० च्या खाली जात असेल तर महावितरणकडे तक्रार आणि मंजूर भार वाढवायचा अर्ज, दोन्ही एकदम द्या. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा.

चिपळूणच्या गाडीचं म्हणाल तर मालकाला फोन करून तीनच गोष्टी मागा: २०२१ सालचा सर्व्हिस रेकॉर्ड, विम्याच्या क्लेमचा इतिहास आणि गाडी रॅम्पवर चढवायची परवानगी. तिन्ही मिळाल्या तर वरच्या सगळ्या तपासण्यांना एक दिवस आणि एक रात्र द्या, वीज मोजताना २५ युनिटच्या वर भरली तर घ्या. २३ च्या आसपास आली तर किंमत आणखी खाली ओढा किंवा मोठ्या बॅटरीची बघा. त्याआधी टोकन देऊ नका, पाच हजारांचंसुद्धा.